पहिलीचा वर्ग आणि पुढचे व्यसन

मद्य आणि इतर मादक पदार्थ यांच्याशी राज्यसत्तेचा जो व्यवहार आमच्या जुन्या मध्य प्रांतात गेली शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे, त्याचा वृत्तांत मुख्यतः आबकारी खात्याच्या दफ्तरांत सापडतो. आणि त्या दफ्तरांत ठेक्यांचे लिलाव, परवाने, महसुलाच्या रकमा आणि जप्तीचे पंचनामे यांची बारकाईने नोंद असली, तरी पिणारा माणूस सहा वर्षांचा असताना कसा होता, याविषयी एक ओळही त्यांत असण्याचे कारण नव्हते. १९१५ साली झालेला आबकारी कायदा आजही मध्य प्रदेशात मूळ कायदा म्हणून चालू आहे. १९३८ साली काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा केला. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोंदिया ओलांडल्यावर लागणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीमुळे १९९३ पासून दारूबंदी आली. या प्रयत्नांचे मोल मी कमी लेखत नाही; ज्या घरातील पुरुष मजुरीचे पैसे घेऊन दुकानाशी थांबतो, त्या घरातील स्त्रीला ते दुकान उठावे असे वाटणे हे न्यायाचेच आहे. परंतु या साऱ्या विचाराची दृष्टी पदार्थावर खिळलेली राहिली, आणि त्या पदार्थाकडे वळणारे मन कोठे, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या वयात घडते, या प्रश्नाकडे आपण फारसे वळलो नाही.

माझे म्हणणे असे आहे की, व्यसनाच्या प्रतिबंधाचे जे काम सर्वांत अधिक फलदायी ठरू शकेल, ते प्राथमिक शाळेतील पहिलीच्या वर्गात आणि त्याच्याही आधी अंगणवाडीच्या ओसरीवर करण्याचे काम आहे. ते शिक्षकाच्या नित्याच्या अध्यापनाहून निराळे असे काही नाही, आणि त्यात दारू, गांजा वा तंबाखू यांचे नावही घ्यावे लागत नाही.

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो, मोठ्या शाळांतून फेऱ्या निघतात, मुले रांगेत उभी राहून शपथ घेतात, आणि एखादा अधिकारी नशेचे दुष्परिणाम समजावून सांगतो. हेतू शुद्ध असतो. पण ऐकणारी मुले नववी-दहावीची असतात, आणि ज्या मुलांसाठी हे भाषण खरोखर आवश्यक होते, त्यांपैकी कित्येक त्या रांगेत नसतातच, कारण त्यांनी शाळा पाचवीत किंवा सातवीतच सोडलेली असते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९८३ साली शाळांत जाऊन मुलांना अमली पदार्थांविषयी धडे देण्याची एक योजना सुरू केली. ती देशभर पसरली, तिच्यावर अपार द्रव्य खर्च झाले, आणि पुढे अनेक चिकित्सक परीक्षणांतून असे दिसून आले की, ती योजना घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या पुढील वर्तनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. ज्ञानाचा अभाव हे व्यसनाचे मुख्य कारण असते, तर वैद्यक शिकलेल्या मनुष्याने कधी सिगारेट ओढली नसती. आणि काळही आपल्याला फारसा अवधी देत नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट मन विदीर्ण करणारी आहे: पंक्चर जोडण्याचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर असे हुंगण्याचे पदार्थ वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के, म्हणजे प्रौढांच्या दुप्पट, आढळले. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ती नळी येत असेल, तर त्याच्या आधीची चार वर्षे तो कोठे होता, हे विचारणे क्रमप्राप्त आहे. आणि त्याचे उत्तर बहुधा असे असते की, तो आपल्याच शाळेच्या पटावर होता.

सहाव्या वर्षीचे वर्तन आणि सोळाव्या वर्षीचे व्यसन यांचा संबंध हा केवळ अनुमानाचा विषय राहिलेला नाही. शिकागो शहरातील वुडलॉन या निर्धन कृष्णवर्णीय वस्तीत १९६६-६७ च्या वर्षी पहिलीत असलेल्या बाराशेहून अधिक मुलांविषयी त्यांच्या शिक्षकांकडून मते नोंदवून घेतली गेली: कोण मारामारी करतो, कोण नियम मोडतो, कोण इतरांत मिसळत नाही, कोण लक्ष देऊ शकत नाही. शेपर्ड केलम या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा गाठले, तेव्हा असे दिसले की, पहिलीत आक्रमक ठरलेल्या मुलग्यांमध्ये मद्य, तंबाखू आणि गांजा यांचा वापर अधिक होता, केवळ लाजाळू असलेल्यांमध्ये तो कमी होता, आणि जी मुले एकाच वेळी एकलकोंडीही होती आणि आक्रमकही होती, त्यांच्यात तो सर्वांत अधिक होता. मुलींमध्ये असा संबंध आढळला नाही. त्यांच्या दुःखाचे मार्ग निराळे असतात, आणि त्यांचा विचार निराळाच करावा लागेल.

या दोन टोकांच्या मध्ये काय घडते, हे मात्र कोणाही जाणत्या शिक्षकाला परदेशी संशोधनावाचून ठाऊक असते. मूल शेजाऱ्याला मारते, पाटी हिसकावते, सांगितलेले ऐकत नाही. शिक्षक प्रथम दटावतो, मग शिक्षा करतो, मग कंटाळून त्याला मागच्या कोपऱ्यात बसवतो. कोपऱ्यात बसलेल्या मुलाला अक्षर नीट दिसत नाही, प्रश्न विचारला जात नाही, आणि दुसरीच्या अखेरीस इतर मुले वाचू लागतात तेव्हा ते वाचू शकत नाही. सोबती त्याला खेळात घेत नाहीत. वाचता न येणाऱ्या आणि सोबती नसलेल्या मुलासाठी शाळेत एकच भूमिका शिल्लक राहते, उपद्रवी मुलाची, आणि ती ते निष्ठेने पार पाडते, कारण तेवढ्यामुळे तरी त्याच्याकडे कोणी पाहते. मग चौथी-पाचवीत त्याला त्याच्यासारखेच दोन-तीन भेटतात. नदीकाठ, पडका नाका, वीटभट्टीची आडबाजू ही त्यांची शाळा होते. आणि तेथे पहिली विडी किंवा पहिला खर्रा त्याच्या हाती येतो तो नशेसाठी येत नाही, त्या टोळीतील त्याच्या स्वीकाराची खूण म्हणून येतो. आयुष्यात प्रथमच त्याला कोणीतरी आपल्यात घेतलेले असते. ज्याला वर्गाने आपल्यात घेतले नाही, त्याला हा स्वीकार नाकारण्याचे बळ कोठून येणार?

बालाघाटच्या भूमीत या साखळीला आणखी काही कड्या जोडलेल्या आहेत. १८६७ साली हा जिल्हा निर्माण झाला तो दोन भिन्न प्रदेश जोडूनच झाला. खाली वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनी, कटंगी, लांजी यांचा धानाचा सपाट मुलूख, जेथे पवारी, मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळतात. आणि वर घाट चढून गेल्यावर बैहर, परसवाडा, बिरसा यांचे सालवनांचे पठार, जेथे गोंड आणि बैगा यांची वस्ती. शाळेची भाषा मात्र घाटावर आणि घाटाखाली एकच, पुस्तकी हिंदी. टोल्यावरून आलेले बैगा मूल पहिल्या दिवशी वर्गात बसते तेव्हा त्याला सांगितलेल्या दहा वाक्यांतील सात कळत नाहीत. ते उठून बाहेर जाते, कारण घरी त्याला उठून बाहेर जाण्यास कोणी परवानगी मागायला लावलेली नसते. ते उत्तर देत नाही, कारण प्रश्नच पोचलेला नसतो. आणि हजेरीच्या वहीपलीकडे पाहण्यास वेळ नसलेल्या शिक्षकाच्या मनात त्या मुलाविषयी ‘हट्टी’, ‘जंगली’, ‘ऐकत नाही’ अशी नोंद पक्की होते. येथे वर्तनाची समस्या मुलात आहे की वर्ग आणि मूल यांच्या भेटीत आहे, हे तपासल्यावाचून पुढे जाणे हा त्या मुलावर उघड अन्याय होय. आदिवासी घरांत लहान मुलाला मारण्याची रीत फारशी नसते. ज्याने घरी कधी मार खाल्ला नाही त्याला शाळेत प्रथम मिळालेली थप्पड ही शिक्षा न वाटता वैर वाटते, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. पटावर नाव राहते, मूल रानात असते.

त्यात मोहफुलांचा हंगाम येतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात सारे घर झाडाखाली फुले वेचायला जाते, आणि मूलही जाते, कारण ही वर्षाची कमाई आहे. त्यानंतर तेंदूपत्त्याचे दिवस. पुढे धान कापून झाले की कित्येक कुटुंबे मजुरीसाठी नागपूरकडे वा त्याहून दूर जातात. मूल कधी बरोबर जाते, कधी आजीजवळ राहते. परतलेल्या मुलाला वर्ग पुढे गेलेला आढळतो. ज्या घरात मद्यपी बाप आहे, तेथील मुलाची रात्र कशी जाते हे कोणाला सांगायला नको. असे मूल सकाळी वर्गात डुलक्या घेते किंवा पहिल्या धक्क्याला उसळून उठते. आणि अशा मुलाला चारचौघांत ‘बापासारखाच होणार’ असे बोलणारा शिक्षक, शिक्षणाच्या अधिकाराच्या २००९ च्या कायद्यातील सतराव्या कलमाने निषिद्ध केलेली शारीरिक शिक्षा करत नसला, तरी त्याच कलमात सांगितलेला मानसिक छळ करतो. छडी बव्हंशी गेली. ते वाक्य अजून गेलेले नाही, आणि छडीहून ते अधिक काळ टिकते, कारण मूल स्वतःविषयीची पहिली व्याख्या त्या वाक्यातून शिकते.

तर मग शिक्षकाने करावे काय? येथे मला एका साध्या रीतीचे विस्ताराने वर्णन करावेसे वाटते, कारण तिची परीक्षा दीर्घ काळ आणि काटेकोरपणे झालेली आहे. १९६७ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या बाल्डविन सिटी या लहान गावात चौथीच्या एका अनावर वर्गासाठी म्युरिएल सॉन्डर्स या शिक्षिकेने हॅरिएट बॅरिश आणि मॉन्ट्रोज वुल्फ या अभ्यासकांच्या साहाय्याने एक खेळ रचला, आणि १९६९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. वर्गाचे गट पाडायचे, आणि प्रत्येक गटात शांत, चंचल, हुशार, मागे पडलेली अशी सर्व प्रकारची मुले मिसळायची. थोडेसे, सोपे, समजतील असे नियम सर्वांसमोर मांडायचे. खेळ चालू आहे हे जाहीर करून काही मिनिटे नेहमीचेच काम करायचे. कोणी नियम मोडला की शिक्षिकेने न ओरडता, न थांबता, त्याच्या गटापुढे एक खूण करायची आणि शिकवणे पुढे चालू ठेवायचे. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी खुणा ज्या ज्या गटाच्या राहतील ते सारे गट जिंकले. एकाने जिंकण्यासाठी दुसऱ्याने हरावे लागत नाही. आरंभी बक्षीस लगेच आणि हाती धरता येईल असे, पुढे हळूहळू गाणे, गोष्ट किंवा थोडा अधिक खेळ. आरंभी खेळाची वेळ सांगून, पुढे न सांगता, जेणेकरून नियमाचे पालन हाच वर्गाचा स्वभाव व्हावा.

याच खेळाची परीक्षा केलम यांनी बाल्टिमोर शहरातील १९ सरकारी प्राथमिक शाळांत १९८५-८६ पासून घेतली. मुले वर्गांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटली गेली, काही वर्गांना हा खेळ मिळाला, काहींना मिळाला नाही, आणि ती मुले एकोणीस ते एकवीस वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा भेटून चौकशी केली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, जे मुलगे पहिलीत सर्वांत आक्रमक होते, त्यांच्यापैकी ज्यांना तो खेळ खेळणारा वर्ग लाभला, त्यांच्यात तरुणपणी अमली पदार्थांच्या व्यसनाचे प्रमाण लक्षणीय कमी होते. त्या शिक्षकांनी कोणताही व्यसनविरोधी उपदेश केलेला नव्हता. त्याच अभ्यासात आणखी एक बाब दिसली, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर आहे: सारखीच आक्रमक दोन मुले, एक शिस्तीच्या वर्गात आणि दुसरे गोंधळाच्या वर्गात पडले, तर गोंधळाच्या वर्गातले मूल पुढे सहावीत पोचेपर्यंत कितीतरी अधिक आक्रमक झालेले असते. पहिलीचा गोंधळलेला वर्ग मुलाच्या उपद्रवाला आश्रय देतो, खतपाणी घालतो, आणि आपण ते सारे मुलाच्या नावावर मांडतो.

बैहरच्या एखाद्या एकशिक्षकी शाळेत, जेथे पहिली ते पाचवी एकाच खोलीत बसते, हा खेळ जसाच्या तसा उचलावा असे मी सुचवणार नाही. पण त्याचा गाभा येथे सहज रुजू शकतो. पाचवीची मुलगी आणि पहिलीचा मुलगा एकाच गटात. नियम गोंडी, बैगानी किंवा पवारी बोलीत, मुलांकडूनच बोलवून घेतलेले. खुणा खडूने फळ्यावर. आणि बक्षीस म्हणून शाळेची घंटा वाजवण्याचा मान, ज्याची किंमत सहा वर्षांच्या मुलाच्या मनात कोणत्याही वस्तूहून मोठी असते. एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे: गट एखाद्या दुर्बळ मुलालाच दोष देऊन त्याला छळू लागला, तर खेळ उलटला असे समजावे, शिक्षकाने त्या मुलाला तेथल्या तेथे यशाची एखादी सोपी संधी द्यावी आणि तिची दखल सर्वांसमोर घ्यावी.

बाल्टिमोरच्याच अनुभवात आमच्या शिक्षण खात्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. पहिल्या वर्षी शिक्षकांना प्रशिक्षणाबरोबर सातत्याने मार्गदर्शन मिळाले, कोणीतरी वर्गात येऊन पाहत असे, चर्चा करत असे. दुसऱ्या वर्षी त्याच शिक्षकांना ती सोबत तितकी मिळाली नाही, आणि त्या वर्षीच्या मुलांत परिणाम क्षीण झाला. रीत तीच होती, शिक्षक तेच होते, फक्त त्यांची सोबत गेली होती. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तीन दिवस जिल्हा शिक्षण संस्थेत बसणे, उपस्थितीवर सही करणे आणि पुस्तिका घेऊन परतणे. मध्य प्रदेशात जनशिक्षक नावाचे पद आहे, जनशिक्षा केंद्राच्या अखत्यारीतील शाळांना भेटी देणे हे त्याचे नेमलेले काम आहे; पण त्याचा बहुतेक वेळ माहितीचे तक्ते गोळा करण्यात जातो. तोच जनशिक्षक महिन्यातून एकदा पहिलीच्या वर्गात मागे बसून तासभर पाहील, आणि नंतर शिक्षकाशी त्या दोन-तीन मुलांविषयी शांतपणे बोलेल, तर कोणत्याही नव्या योजनेवाचून बरेच काही घडेल.

आता एका धोक्याकडे वळतो. सहाव्या वर्षी ओळखता येते म्हणून सहाव्या वर्षीच यादी करावी, ‘जोखमीची मुले’ निवडावीत, त्यांचा निराळा वर्ग भरवावा, असा मोह प्रशासनाला होणे अगदी स्वाभाविक आहे. या मोहाला मी सर्वशक्तीने विरोध करीन. ज्या देशात १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांची हजेरी पोलिसांच्या वहीत घेतली, आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत पिढ्यान् पिढ्या तो शिक्का वाहायला लावला, त्या देशात एखाद्या बैगा वा कलार मुलाच्या दाखल्यावर ‘पुढे व्यसनी होण्याची शक्यता’ असा शेरा पडण्याची कल्पनाही सहन होऊ नये. आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. वुडलॉनच्या आक्रमक मुलांपैकीही पुष्कळ मुले व्यसनी झाली नाहीत. संभाव्यता ही समूहाविषयी बोलते, एका मुलाविषयी ती भविष्य सांगत नाही. अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ पासून निवडक मुलग्यांना वर्षानुवर्षे मार्गदर्शक, भेटी आणि उन्हाळी शिबिरे देण्याचा मोठा सद्हेतूचा उपक्रम झाला. जोन मॅककॉर्ड या विदुषीने १९७८ साली, म्हणजे उपक्रम संपल्यावर सुमारे तीस वर्षांनी, त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत अधिक वाईट आढळली. उपद्रवी मुलांना वेगळे काढून एकत्र बसवले की ती एकमेकांची शाळा होतात. बाल्टिमोरच्या खेळाचे थोर सौंदर्य हेच की, तो सर्व वर्गासाठी असतो; ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्यालाच कळत नाही की हे आपल्यासाठी चालले आहे.

हा विचार परका वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याच परंपरेत त्याची मुळे खोल गेलेली आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच त्या वस्त्यांच्या अंगणात नेली. तेथून अंगणवाडी हे नाव आणि ती कल्पना जन्माला आली. अनुताई वाघ त्यांच्यासह होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळा कुरणावर जाईल, अशा भावनेने कुरणशाळा उभी राहिली. मूल न आल्याबद्दल मुलाला दोष न देता शाळेने आपली जागा आणि वेळ बदलावी, हे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांची शिकवण मोहफुलांच्या हंगामातील बैहरला किती लागू आहे! सकाळचे वेचणे संपल्यावर दुपारी दोन तास भरणारा वर्ग, त्या महिन्यापुरता, अशक्य का वाटावा? २ ऑक्टोबर १९७५ पासून हळूहळू देशभर अंगणवाड्या निघाल्या, आणि त्यांनी पोषणाचे मोठे काम केले. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलाने वाट पाहणे, वस्तू वाटून घेणे, राग आल्यावर हात न उगारता शब्दांत सांगणे हे ज्या खेळांतून आणि गाण्यांतून शिकायचे, ते ताराबाईंचे शिक्षण त्या ओसरीवरून बरेचसे निघून गेले आणि शिजवलेला आहार तेवढा उरला. कार्यकर्तीला रजिस्टरांच्या ओझ्यातून थोडे मोकळे केल्यावाचून ते परत येणार नाही.

येथे कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की घरी दारू आहे, पोटात अन्न नाही, तेथे शिक्षकाच्या खेळाने काय होणार? गरिबी हटवणे शिक्षकाच्या हाती नाही हे खरे आहे. परंतु वुडलॉन काय किंवा बाल्टिमोर काय, त्या वस्त्या सुखवस्तू नव्हत्या. बाल्टिमोरमध्ये खेळाचा परिणाम दिसला तो दारिद्र्य जागच्या जागी असताना दिसला. घराविषयी मात्र शिक्षकाने विवेक राखावा. गोंड आणि बैगा घरांत मोहाची दारू देवाला चढते, लग्नात आणि मरणात तिला स्थान आहे, आणि आदिवासींना घरगुती वापरासाठी ती गाळण्याची मुभा आबकारीच्या नियमांतही आहे. जो शिक्षक या साऱ्याला सरसकट पाप ठरवतो, तो मुलाला आपले घर आणि आपली शाळा यांतून एक निवडायला लावतो. आणि सहा वर्षांचे मूल घरच निवडते, जे त्याने निवडावेच. देवापुढची दारू आणि बापाची रोजची दारू यांतील भेद त्या समाजातील वृद्धांना शिक्षकापेक्षा चांगला समजतो. लहानग्यांच्या हाती दारू, तंबाखू किंवा गुडाखू देऊ नये, ही गोष्ट शाळा प्रबंधन समितीच्या बैठकीत गावच्या वडीलधाऱ्यांनी सांगावी. शिक्षकाने आपली स्वतःची पुडी शाळेच्या आवारात उघडू नये, एवढे तरी पाळावे.

आणि उपद्रवाला स्वभाव म्हणण्यापूर्वी शरीर तपासावे. कान वाहणाऱ्या मुलाला हुकूम ऐकू येत नाही. उपाशी मूल चिडते. आणि मध्य भारताच्या या पट्ट्यात, विशेषतः गोंड आणि इतर आदिवासी समाजांत, सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो, ज्याच्या वेदनेचे झटके आलेले मूल रडते, झटकते, खेळत नाही, आणि वर्गात ते आळशी किंवा चिडखोर म्हणून ओळखले जाते. काही थोड्या मुलांच्या चंचलतेला खरोखरच वैद्यकीय उपचारांची गरज असते, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवणारा हात शिक्षकाचाच असू शकतो.

या सर्वांसाठी शिक्षकाला वेळ हवा, आणि शाळेने आपला सर्वांत कुशल माणूस पहिलीला द्यायला हवा. आपला शिरस्ता उलटा आहे: मंडळाची परीक्षा असलेले वर्ग अनुभवी शिक्षकाकडे, आणि पहिली ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याकडे. शिक्षकांची नेमणूक जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांखेरीज शिक्षणेतर कामांवर करू नये, असे २००९ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम स्पष्ट सांगते; त्याची अंमलबजावणी झाली तरी कितीतरी दिवस परत मिळतील.

एक तजवीज तर विनाखर्चाची आहे. अंगणवाडी महिला व बाल विकास विभागाची, आणि बैहर, बिरसा, परसवाडा या आदिवासी विकासखंडांतील शाळा जनजातीय कार्य विभागाच्या; त्यामुळे जिने एखाद्या मुलाला तीन वर्षे रोज पाहिले, कोणत्या गाण्याला ते शांत होते, कोणापाशी बसले की मारत नाही, बाप घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते कसे असते हे जाणले, त्या कार्यकर्तीचे ज्ञान जून महिन्यात शाळेच्या उंबऱ्याशी संपते, आणि पहिलीचा शिक्षक त्या मुलाला अनोळखी म्हणून आरंभ करतो. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात एका दुपारी त्या दोघांनी ओसरीवर बसून नव्या मुलांविषयी एकेक करून बोलावे. ते बोलणे तोंडीच राहावे, त्याचा तक्ता वा अहवाल मागितला जाऊ नये. आणि त्यानंतर महिनाभर कार्यकर्तीने वा सहायिकेने आठवड्यातून एकदा सकाळी थोडा वेळ पहिलीच्या वर्गात येऊन बसावे, म्हणजे ज्या मुलांना शाळा परकी वाटते त्यांना त्या खोलीत एक ओळखीचे माणूस दिसेल. दोन्ही विभागांच्या जिल्हा अधिकाऱ्यांनी एक संयुक्त आदेश काढला, तर घाटावरच्या एका जनशिक्षा केंद्रात हे येत्या जूनपासूनच सुरू करता येईल.